कॅनव्ही आयलंडचा शनिवार: थेम्सच्या मुखाशी नॉन-लीग फुटबॉल बघायला जाताना

लंडनला शिकायला किंवा नोकरीला आलेला फुटबॉलवेडा मराठी माणूस पहिलं वर्षभर आर्सेनलच्या एमिरेट्स नाहीतर चेल्सीच्या स्टॅमफर्ड ब्रिज मैदानाच्या तिकिटामागे धावतो. आधी सदस्यत्व, मग ऑनलाइन रांग, मग खिशाला मोठी चाट, आणि शेवटी जागा मिळते ती इतकी उंच की खेळाडूच्या पाठीवरचा नंबर धड वाचता येत नाही. त्याच शनिवारी दुपारी ३ वाजता, फेनचर्च स्ट्रीट स्टेशनपासून रेल्वेने पाऊण तासाच्या आत आणि पुढे थोडं बसने गेलं, की एसेक्सच्या एका सखल बेटावर तुम्ही कठड्याला टेकून उभे असता. विंगर, म्हणजे कडेने पळणारा खेळाडू, चेंडू घेऊन समोरून जातो तेव्हा त्याची धाप ऐकू येते. या बेटाचं नाव कॅनव्ही आयलंड, आणि क्लबचंही तेच.

ही सहल कशी आखायची ते टप्प्याटप्प्याने सांगतो. त्याआधी एक आग्रह. अडीच वाजता पोहोचून पाच वाजता परत फिरू नका. इथला क्लब कळायला आधी बेट पाहावं लागतं. बेटाभोवतीची समुद्रभिंत चालून आलेल्या माणसाला मैदानावरचे चारपाचशे लोक वेगळे दिसतात. म्हणून सकाळ बेटाला द्या आणि दुपार सामन्याला.

आधी शिडी समजून घ्या

इंग्लंडमध्ये प्रीमियर लीग आणि तिच्याखालच्या तीन व्यावसायिक विभागांत मिळून ९२ क्लब आहेत. त्यांच्या खालचं सगळं नॉन-लीग. नाव असं असलं तरी तिथेही लीग असतातच, आणि बढती-घसरगुंडीच्या साखळीने त्या थेट वरपर्यंत जोडलेल्या असतात. पाचव्या पायरीवर नॅशनल लीग, सहाव्यावर तिचेच उत्तर आणि दक्षिण विभाग, आणि सातव्यावर चार प्रादेशिक विभाग. लंडन आणि आग्नेय इंग्लंडचा विभाग म्हणजे १९०५ साली सुरू झालेल्या इस्थमियन लीगचा प्रीमियर विभाग. कॅनव्ही २०२२ मध्ये प्लेऑफ जिंकून तिथे परतला. खेळाडू बहुतेक अर्धवेळ असतात. आठवडाभर नोकरी, संध्याकाळी सराव, शनिवारी सामना.

खेळाचा दर्जा कसा असेल, असं लोक हमखास विचारतात. वेग आणि ताकद बघून तुम्ही चकित व्हाल. पहिला स्पर्श आणि निर्णय मात्र वरच्या पायऱ्यांइतके अचूक नसतात, आणि त्यामुळे चेंडू सारखा हवेत आणि वादात राहतो. मला हा खेळ टीव्हीवरच्या सफाईदार पासिंगपेक्षा जास्त आवडतो. इथे चूक आणि पराक्रम दोन्ही हाताच्या अंतरावर घडतात.

क्लबची गोष्ट माहीत असू द्या

क्लबची स्थापना १९२६ ची. रंग पिवळा-निळा, टोपणनाव 'गल्स', म्हणजे समुद्रपक्षी. १९९२ मध्ये जेफ किंग व्यवस्थापक झाले तेव्हा क्लब एसेक्स सीनियर लीगमध्ये, म्हणजे अगदी स्थानिक पातळीवर खेळत होता. पुढची चौदा वर्षं किंग तिथेच राहिले. मे २००१ मध्ये कॅनव्हीने एफए ट्रॉफीच्या, म्हणजे नॉन-लीग क्लबांच्या चषकाच्या, अंतिम सामन्यात फॉरेस्ट ग्रीन रोव्हर्सला १-० ने हरवलं. गोल बेन चेनरीचा. एरवी हा सामना वेम्बलीला होतो, पण तेव्हा जुनं वेम्बली बंद होतं, म्हणून तो बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर झाला. पुढच्याच मोसमात छोटे-मोठे सगळे क्लब ज्यात उतरतात त्या एफए कपमध्ये विगन ॲथलेटिक आणि नॉर्दॅम्प्टन टाउन या व्यावसायिक संघांना नमवून क्लब तिसऱ्या फेरीत पोहोचला आणि बर्नलीकडून हरला. २००४ मध्ये इस्थमियन लीग जिंकून तो पाचव्या पायरीवर, त्या वेळच्या कॉन्फरन्समध्ये गेला.

मग २००६ मध्ये किंग यांनी क्लब सोडला, पैशाचा आधार गेला, आणि क्लबने स्वतःहून राजीनामा देऊन तीन पायऱ्या खाली उतरणं पत्करलं. मला हा सगळ्यात मोलाचा भाग वाटतो. उधारीवर वर लटकत राहण्यापेक्षा खाली उतरून जिवंत राहणं त्यांनी निवडलं, म्हणून आज त्या मैदानावर शनिवारी सामना होतो. इंग्लंडमधले कितीतरी छोटे क्लब अशाच वळणावर दिवाळखोरीत गेले. बारच्या भिंतीवर जुने फोटो दिसले तर शेजारच्या म्हाताऱ्याला २००१ बद्दल विचारा. मध्यंतर कमी पडेल.

तारीख ठरवणे: इथेच घाई नको

मोसम ऑगस्टपासून एप्रिलअखेरपर्यंत चालतो. लीगचे सामने शनिवारी दुपारी ३ वाजता, आठवड्याच्या मधले बहुधा मंगळवारी रात्री पावणेआठला. शनिवारच्या ३ वाजण्याला खास अर्थ आहे. दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात ब्रिटनमध्ये टीव्हीवर फुटबॉल थेट दाखवायला बंदी आहे. खालच्या क्लबांचे प्रेक्षक घरी बसू नयेत म्हणून केलेली ही तजवीज आहे.

वेळापत्रक क्लबच्या किंवा लीगच्या अधिकृत पानावर पाहा, आणि तीनदा पाहा. पहिल्यांदा बेत करताना. दुसऱ्यांदा त्या आठवड्याच्या गुरुवारी, कारण मध्येच एफए कप किंवा एफए ट्रॉफीची फेरी आली तर लीगचा सामना पुढे ढकलला जातो. क्लब चषकात जितका टिकेल तितकं वेळापत्रक विस्कटतं. तिसऱ्यांदा शनिवारी सकाळी निघण्यापूर्वी. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पाऊस झाला की पंच सकाळी मैदानाची पाहणी करतात, आणि पाणी साचलं असेल तर सामना रद्द होतो. हा निर्णय क्लब आपल्या सोशल मीडिया खात्यावर सगळ्यात आधी टाकतो. सकाळी पाहणी आहे असं दिसलं तर निकाल कळेपर्यंत घर सोडू नका. थंडीत पैसे परत न मिळणारं आगाऊ तिकीट काढू नका, हेही ओघाने आलंच.

सामना 'होम' आहे का, आणि नेमक्या कोणत्या क्लबचा आहे, हे नीट बघा. या छोट्याशा बेटावर दोन नामवंत क्लब आहेत. दुसरा कॉन्कॉर्ड रेंजर्स, स्थापना १९६७, मैदान थेम्स रोडवर, बेटाच्या दुसऱ्या अंगाला. हा क्लबही लहान समजू नका. २०२० चा एफए ट्रॉफीचा अंतिम सामना, जो कोविडमुळे मे २०२१ मध्ये वेम्बलीला झाला, त्यात तो हॅरोगेट टाउनकडून अवघ्या एका गोलने हरला. सुमारे ३८,००० वस्तीच्या बेटावरचे दोन क्लब या चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत गेले, याची तिथल्या लोकांना फार ऐट आहे. ती रास्तच आहे.

कोणता महिना निवडावा? पहिल्यांदा जात असाल तर सप्टेंबर-ऑक्टोबर किंवा एप्रिल. उजेड पुरतो, वारा सोसवतो, भिंतीवरून चालायला मजा येते. पण दुसऱ्यांदा डिसेंबरमध्ये जाच. चार वाजायच्या आत सूर्य मावळतो, उत्तरार्ध पूर्ण फ्लडलाइटखाली होतो, आणि हिवाळ्यासाठी सायबेरियातून आलेले ब्रेंट हंस चिखलाच्या पट्ट्यावर उतरलेले असतात. पुण्या-मुंबईहून आईबाबा मे-जूनमध्ये येणार असतील तर तेव्हा लीग बंद असते. ते जुलैपर्यंत राहणार असतील तर मोसमपूर्व मैत्रीपूर्ण सामने मिळतील. जुलैतल्या उजेडाच्या लांब संध्याकाळी ज्येष्ठांसाठी त्यातल्या त्यात उत्तम.

प्रवास: बेनफ्लीटपर्यंत रेल्वे, पुढे बस

बेटावर रेल्वे नाही. जवळचं स्टेशन खाडीच्या अलीकडचं बेनफ्लीट. सी-टू-सी या रेल्वे कंपनीच्या गाड्या लंडनच्या फेनचर्च स्ट्रीटहून निघतात आणि साधारण ४० ते ४५ मिनिटांत बेनफ्लीटला पोहोचतात. फेनचर्च स्ट्रीटला भुयारी रेल्वे नाही. टॉवर हिलला उतरून थोडं चालावं लागतं. पूर्व लंडनकडून येणाऱ्यांनी वेस्ट हॅमला किंवा लाइमहाउसला गाडी पकडावी, फेरा वाचतो. गाडी बासिल्डनमार्गे जाणारी हवी. याच कंपनीच्या काही गाड्या ग्रेजकडून फिरून जातात, त्यांना वेळ जास्त लागतो.

लंडनच्या प्रवासाचं ऑयस्टर कार्ड बेनफ्लीटपर्यंत चालत नाही, तेव्हा तिकीट आधीच काढा. शनिवारी दिवसभर ऑफ-पीक, म्हणजे गर्दीच्या वेळा सोडूनचं, तिकीट चालतं आणि ते एकाच गाडीला बांधलेलं नसतं, म्हणून तेच घ्या. विद्यार्थ्यांकडे १६-२५ रेलकार्ड असेल तर एक तृतीयांश सूट मिळते. दोघं नेहमी बरोबर फिरत असाल तर दोघांचं मिळून निघणारं रेलकार्ड काही सहलींत वसूल होतं. शनिवार-रविवारी रुळांची कामं निघतात आणि काही टप्प्यात गाडीऐवजी बस सोडतात, त्याचीही चौकशी आदल्या दिवशी करून ठेवा.

बेनफ्लीट स्टेशनबाहेरूनच कॅनव्हीच्या बस सुटतात. बेटाच्या पूर्व टोकाच्या भागाचं नाव ली बेक. मैदान त्याच बाजूला आहे, तेव्हा तिकडे जाणारी बस धरा आणि चढताना ड्रायव्हरला पार्क लेनसाठी कुठे उतरायचं ते विचारून ठेवा. इंग्लंडमध्ये बहुतेक स्थानिक बसचं एकेरी भाडं सध्या ३ पाउंडांच्या वर जात नाही, आणि कार्ड टेकवून पैसे देता येतात. मोबाइलवर नकाशा लावताना नुसतं 'पार्क लेन' लिहू नका, तो तुम्हाला लंडनच्या मेफेअरमधल्या आलिशान रस्त्यावर नेईल. बेटाचं नाव सोबत लिहा. प्रायोजक बदलला की मैदानाचं अधिकृत नावही बदलतं. रस्त्याचं नाव मात्र कायम आहे आणि स्थानिक माणूस 'पार्क लेन'च म्हणतो.

चालायची हौस असेल तर स्टेशनपासून मैदान साधारण ५ किलोमीटर आहे. स्टेशनबाहेर पडलं की खाडीवरचा पूल लागतो, तोच बेटाचा उंबरठा. मोटारीने येणाऱ्यांसाठी एवढंच की बेटावर यायला दोनच रस्ते आहेत, बेनफ्लीटकडून येणारा आणि ए१३० वरून येणारा, आणि दोन्ही वॉटरसाइड फार्मच्या चौकात एकत्र मिळतात. तिथे कोंडी होते. तासभर जास्तीचा हाताशी ठेवा.

सकाळ: बेट चालून बघा

अकराच्या सुमाराला दक्षिण किनाऱ्यावर लॅबवर्थ कॅफेपाशी उतरा. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ओव्ह अरप यांनी आखलेली ही पांढरी, गोलाकार काँक्रीटची इमारत आहे. नंतर सिडनी ऑपेरा हाउसच्या बांधकामामागे ज्यांची अभियांत्रिकी होती, तेच हे अरप. आज तिला संरक्षित वास्तूचा दर्जा आहे. जेवण-कॉफी मिळते, आणि समोर थेम्स इतकी रुंद असते की पलीकडचं केंट धुरकट रेघेसारखं दिसतं. नदीत वरच्या अंगाला २०१३ मध्ये लंडन गेटवे बंदर सुरू झालं. तिथे जाणारी प्रचंड कंटेनर जहाजं याच किनाऱ्यासमोरून सरकत जातात. लहान मुलं बरोबर असतील तर इथे अर्धा तास कसा गेला ते कळणार नाही.

आता भिंतीवर चढा. कॅनव्हीची जमीन भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. सतराव्या शतकात डच कारागिरांनी बांध घालून ही दलदल शेतीलायक केली. बेटावरच्या कितीतरी रस्त्यांची नावं अजून डच वळणाची आहेत, आणि त्या काळातली दोन अष्टकोनी, गवताने शाकारलेली घरं शाबूत आहेत, एक १६१८ चं, दुसरं १६२१ चं. १६१८ चं घर संग्रहालय म्हणून ठरावीक दिवशीच उघडतं. जमलं तर पाहा, त्यासाठी दिवसाची घडी मोडू नका.

३१ जानेवारी १९५३ च्या रात्री उत्तर समुद्राला उधाण आलं आणि बांध फुटले. लोक झोपेत होते. बेटावर ५८ माणसं गेली आणि सुमारे १३,००० जणांना बेट सोडावं लागलं. सगळ्यात जास्त हानी न्यूलँड्स आणि संकन मार्श या भागांतल्या बैठ्या, हलक्या बांधणीच्या घरांमध्ये झाली. सुट्टीसाठी बांधलेल्या त्या छोट्या बंगल्यांत लोक कायमचे राहायला आले होते. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर त्या रात्री एकूण ३०७ जणांचा जीव गेला, त्यात एकाच ठिकाणी एवढी माणसं कॅनव्हीइतकी कुठे गेली नाहीत. आज तुम्ही ज्या काँक्रीटच्या भिंतीवरून चालता ती पुढच्या काळात वाढवत वाढवत इतकी उंच झाली. एका जागी थांबा आणि दोन्ही बाजूंना बघा. एका हाताला भरतीचं पाणी, दुसऱ्या हाताला लोकांच्या खिडक्या, आणि पाणी खिडक्यांपेक्षा वर. इथल्या लोकांमधली 'आपण बेटावरचे' ही भावना पोस्टरवर लिहून आलेली नाही. ती या भिंतीतून आली आहे. क्लबमागे ती कशी उभी राहते ते दुपारी दिसेल.

लॅबवर्थपासून पूर्वेकडे भिंतीच्या कडेने रमतगमत चाललं तर तासाभरात बेटाच्या टोकाजवळ पोहोचता. वाटेत कॉन्कॉर्ड नावाचा छोटा किनारा लागतो. टोकाला वळसा घालून उत्तरेकडे आलात की स्मॉलगेन्स खाडी, तिच्यात उभ्या शिडाच्या होड्या, आणि पलीकडे ली-ऑन-सी आणि साउथएंड या गावांचे उंचवटे. ओहोटीला इथे मैलोन्‌मैल चिखल उघडा पडतो, आपल्या कोकणातल्या खाड्यांना ओहोटी लागल्यावर पडतो तसाच. कोकणात वाढलेल्यांना तो ओळखीचा वाटेल, पण या चिखलात उतरू नका. भरती सपाट पट्ट्यावर फार झपाट्याने चढते. निघण्याआधी साउथएंडच्या भरती-ओहोटीच्या वेळा बघून ठेवा. चालायला दोन्ही वेळा चांगल्या. पक्षी बघायचे तर ओहोटी, भिंतीचं महत्त्व समजून घ्यायचं तर भरती.

गाण्यांचा नाद असणाऱ्यांसाठी: १९७१ मध्ये डॉक्टर फीलगुड हा बँड याच बेटावर जन्मला. आणि मैदानाकडे जाताना पॉइंट रोडवर बसचं जुनं आगार लागतं, तिथे आता वाहतूक संग्रहालय आहे. उघडण्याचे दिवस मोजके, आधी पाहून जा.

मैदानात: दोन ते पाच

दोनच्या सुमाराला मैदानाच्या दाराशी या. प्रौढांचं तिकीट या पायरीवर साधारण १२ ते १५ पाउंड असतं. ज्येष्ठ आणि विद्यार्थ्यांना सवलत, मुलांना अगदी नाममात्र. आधी आरक्षण करायची गरज फक्त मोठ्या चषक सामन्याला पडते. कार्ड चालतं, तरी खिशात वीसेक पाउंड रोख असू द्या. लॉटरीचं तिकीट, प्रोग्रॅम (सामन्याची माहितीपुस्तिका) आणि चहाची टपरी यांपैकी काहीतरी रोखीवरच चालत असतं.

टर्नस्टाइलच्या फिरत्या लोखंडी दांड्यातून आत गेलात की पहिल्यांदा प्रोग्रॅम मिळतो का बघा. काही क्लब अजून छापतात, काहींनी फक्त डिजिटल ठेवला आहे. छापील मिळाला तर घ्याच. त्यात दोन्ही संघांची नावं, व्यवस्थापकाचं पत्र, आणि स्थानिक प्लंबरपासून अंत्यविधीवाल्यापर्यंतच्या जाहिराती असतात. त्या जाहिराती वाचल्या की हा क्लब कोणाच्या पैशावर चालतो ते समजतं. मग फिफ्टी-फिफ्टी सोडतीचं तिकीट घ्या. जमलेल्या रकमेपैकी अर्धी विजेत्याला, अर्धी क्लबला. हे पैसे कुठल्या दूरच्या मालकाकडे जात नाहीत. पंचांची फी, गवत, फ्लडलाइटचं बिल असे खर्च यातूनच निघतात, म्हणून मी कधी टाळत नाही.

बसायला छोटा स्टँड आहे, पण पहिल्यांदा आलात तर बसू नका. इथे घरचे आणि पाहुणे प्रेक्षक वेगळे बसवत नाहीत. कुठेही उभं राहता येतं, आणि जुनी रीत अशी की आपला संघ ज्या गोलवर हल्ला करतोय त्याच्या मागे उभं राहायचं. मध्यंतराला संघ बाजू बदलतात आणि त्यांच्याबरोबर सगळी मंडळी मैदानाला वळसा घालून दुसऱ्या टोकाला जातात. तुम्हीही जा. वाटेत राखीव खेळाडूंच्या बाकाजवळून जाता, तिथे दोन मिनिटं थांबून व्यवस्थापक काय ओरडतो ते ऐका. कुणाला पुढे ढकलतोय, कोणती जागा मोकळी राहिली म्हणून चिडलाय, हे कानाने कळतं. टीव्हीवर वर्षानुवर्षं सामने पाहूनही बचावाची रांग एकमेकांशी सतत बोलत असते हे अनेकांना ठाऊक नसतं. मुलांना फुटबॉल शिकवायचा असेल तर एक सामना इथल्या कठड्याशी उभं राहून दाखवा.

आवाज जसा तुम्हाला येतो तसा त्यांनाही तुमचा येतो. खेळाडूला, विशेषतः लाइनवरच्या पंचाला, काय म्हणता याचं भान ठेवा. तो सोमवारी कुठल्यातरी शाळेत नाहीतर कचेरीत कामावर जाणारा माणूस आहे. शिव्या कानावर पडतील, इंग्लंडमध्ये त्या पडतातच, पण एकंदरीत वातावरण घरगुती असतं. आजोबा-नातू, कुत्र्याला घेऊन आलेल्या बायका, आणि दर शनिवारी नवं मैदान गाठणारे ग्राउंडहॉपर, म्हणजे वहीत मैदानांची नोंद ठेवणारी वल्ली. त्यांच्यातला एखादा तुमच्याशी बोलायला येईल. भारतातून येऊन सातव्या पायरीचा सामना बघताय याचं त्यांना मनापासून अप्रूप वाटतं, आणि कुठलं मैदान पुढे बघावं याची यादी हातात मिळते.

आणखी एक फरक. १९८५ च्या कायद्यामुळे मोठ्या मैदानांवर खेळ दिसेल अशा जागी दारू पिता येत नाही. या पायरीवर ती बंदी लागू नाही. बारमधून प्लॅस्टिकच्या ग्लासात घेऊन कठड्याशी उभं राहता येतं. काचेची बाटली मात्र कुठेच नेऊ नका.

कपड्यांचं सांगायलाच हवं. नदीच्या मुखावरून येणारा वारा अंगावर थेट येतो. लंडनमध्ये जाकीट पुरलं म्हणून इथे पुरेल असं नाही. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत टोपी, हातमोजे आणि वारा अडवणारा कोट, आणि पायात जाड तळव्याचे बूट, कारण काँक्रीटवर दोन तास उभं राहिलं की थंडी पायांतून चढते. छत्री आणू नका, मागच्याला दिसत नाही आणि वाऱ्यात टिकतही नाही.

खाण्यापिण्याचं

टपरीवर चहा, चिप्स, बर्गर, हॉटडॉग मिळतात. शाकाहारींनी चिप्स किंवा चीज घातलेल्या चिप्स घ्याव्यात. काटेकोर असाल तर कशात तळल्या ते विचारा, कुणी वाईट मानत नाही. थंडीत सगळे वाफाळणाऱ्या कपातून बोव्हरिल पिताना दिसतील. दिसायला सूप असलं तरी तो गोमांसाचा अर्क आहे, तेव्हा खात नसाल तर चहाच मागा. माझा सल्ला असा की पोळी-भाजीचा नाहीतर थालीपीठाचा डबा घरून आणा आणि दुपारी भिंतीवर बसून खा. सीगल पक्ष्यांपासून मात्र डबा सांभाळा. मग मैदानात फक्त चहा-चिप्स घ्या. टपरीवर काहीतरी घ्यावंच, कारण क्लबला तिकिटाइतकाच त्या चहाचा आधार असतो.

परतीची वाट

सामना पाचच्या आत संपतो. लगेच धावत सुटू नका. क्लबहाउसच्या बारमध्ये टीव्हीवर इतर मैदानांचे निकाल येत असतात, आणि आंघोळ करून खेळाडूही तिथेच येतात. चांगला खेळला असेल त्याला सरळ जाऊन सांगा. मग सहाच्या आसपासची बस धरून बेनफ्लीट, आणि साडेसात-आठपर्यंत लंडन.

मंगळवारी रात्रीचा सामना असेल तर गणित बदलतं. खेळ साडेनऊच्या पुढे संपतो आणि रात्री बस विरळ होतात. जाण्याआधीच शेवटच्या दोन बसच्या वेळा लिहून ठेवा आणि एका स्थानिक टॅक्सीचा नंबर जवळ असू द्या. मुलं किंवा ज्येष्ठ बरोबर असतील तर पहिली भेट मंगळवारी नकोच.

सामना रद्द झाला तर, आणि पुढची बेटं

गुरुवारीच कळलं की कॅनव्हीचा सामना हलला, तर कॉन्कॉर्डचा घरचा सामना आहे का बघा. सकाळचा बेत तसाच राहतो. दोन्ही नसतील तर बेनफ्लीटहून पुढच्या गाडीने ली-ऑन-सीला जा. वाटेत डोंगरावर हॅडली किल्ल्याचे भग्न बुरूज दिसतात.

हे जमलं की नदीच्या पलीकडचं शेपी बेट घ्या. शेपी युनायटेडचं मैदान होम पार्क, आणि तिथे सिटिंगबोर्नहून रेल्वे थेट बेटावर जाते. त्यानंतर आइल ऑफ वाइट, तिथे कॉव्झ स्पोर्ट्स आणि न्यूपोर्ट हे क्लब आहेत, आणि साउथसीहून राइडला हॉवरक्राफ्टने दहा मिनिटांत पाणी ओलांडता येतं. गर्न्सी, जर्सी आणि आइल ऑफ मॅनचे संघही इंग्लंडच्या लीग साखळीत खेळतात, पण तिकडे विमान किंवा मोठी फेरी लागते, हवामानाने दोन्ही रखडतात, आणि ती बेटं युनायटेड किंग्डमचा भाग नसल्याने भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांनी व्हिसाच्या अटी आधी तपासाव्यात. तिथे एक रात्र मुक्काम धरूनच तिकीट काढा.